कॅम्पसवर उघडणारा लेख घरी पैसे का मागतो?

विभागातल्या संगणकावर दुपारी वाचलेला संशोधनपर लेख रात्री घरी पुन्हा उघडावा, तर पडद्यावर फक्त सारांश दिसतो. खाली लिहिलेलं असतं, पूर्ण लेख हवा असेल तर तीस-चाळीस डॉलर भरा. एका लेखाचे अडीच ते साडेतीन हजार रुपये! एमए किंवा पीएचडी करणारी कितीतरी मुलं इथे लॅपटॉप मिटतात आणि तो लेख संदर्भयादीतून काढून टाकतात. वाईट याचं वाटतं की त्या लेखाचे पैसे बहुतेक वेळा त्यांच्या नावाने आधीच भरलेले असतात.

गेल्या काही काळात हा विषय बातम्यांतही आला. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही देशभरातल्या संस्थांसाठी संशोधन नियतकालिकांची एकत्र वर्गणी भरणारी योजना मंजूर केली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, ६,३०० हून अधिक संस्था, जवळपास १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक आणि संशोधक, असा तिचा पसारा आहे. एवढं सगळं असूनही घरी बसलेल्या मुलीला लेख उघडत का नाही, हे समजून घ्यायचं तर विद्यापीठाचं ग्रंथालय डिजिटल झालं म्हणजे नेमकं काय झालं, इथून सुरुवात करावी लागेल.

ग्रंथालयाने विकत घेतलं, म्हणजे काय घेतलं?

छापील नियतकालिकाचा व्यवहार सरळ होता. वर्षाची वर्गणी भरली की अंक टपालाने यायचे, वर्षअखेरीस त्यांची बांधणी व्हायची आणि तो खंड कपाटात जायचा. पुढच्या वर्षी वर्गणी बंद केली तरी आधीचे खंड ग्रंथालयाचेच राहायचे. पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात किंवा मुंबई विद्यापीठाच्या कलिन्यातल्या जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात असे जुने बांधीव खंड आजही मिळतात. त्यांच्यासाठी कुणाला पुन्हा पैसे द्यावे लागत नाहीत.

डिजिटल नियतकालिकात ग्रंथालयाच्या हाती वस्तू येत नाही. लेख प्रकाशकाच्याच संगणकावर राहतात. ग्रंथालय पैसे भरतं ते ठरावीक लोकांना, ठरावीक काळ, ते लेख वाचू देण्याच्या परवानगीसाठी. लोकलच्या पाससारखं आहे हे. पास काढला म्हणून गाडी आपली होत नाही. तो अमुक स्टेशन ते अमुक स्टेशन एवढाच चालतो, दुसऱ्याच्या नावावरचा चालत नाही आणि मुदत संपली की गाडी समोर उभी असूनही चढता येत नाही. ग्रंथालयाच्या डिजिटल सेवांबद्दलच्या बहुतेक तक्रारी या पासाच्या अटींमधून निघतात.

संकेतस्थळ तुम्हाला कसं ओळखतं?

पास तुमच्याकडे आहे हे प्रकाशकाच्या संकेतस्थळाला कळतं कसं? सर्वांत जुनी आणि आजही सर्वांत जास्त वापरली जाणारी रीत म्हणजे जागेवरून ओळखणं. इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक जाळ्याला एक क्रमांक असतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. विद्यापीठ आपल्या जाळ्याचे असे क्रमांक प्रकाशकाला कळवून ठेवतं. त्यातल्या एखाद्या क्रमांकावरून कुणी आलं की संकेतस्थळ नावगाव न विचारता लेख उघडून देतं.

म्हणूनच कॅम्पसवर सगळं आपोआप उघडतं आणि मुलांना वाटतं की हा लेख फुकटच आहे. घरी तुम्ही मोबाइल कंपनीच्या जाळ्यावर असता. त्या जाळ्याचा क्रमांक प्रकाशकाच्या यादीत नसतो, मग तुम्ही त्याच्यासाठी रस्त्यावरचा कुणीही माणूस होता. इतकंच कशाला, कॅम्पसवर बसून स्वतःच्या मोबाइलचा डेटा वापरलात तरी हेच होतं. विद्यापीठाच्या वायफायवर गेलात की तोच लेख उघडतो. ही एवढी गोष्ट ठाऊक नसल्यामुळे वाया गेलेल्या दुपारी मोजता येणार नाहीत.

घरून वाचण्याच्या मुख्य वाटा दोन आहेत. पहिली प्रॉक्सीची. प्रॉक्सी म्हणजे विद्यापीठाचा एक मधला संगणक. तुम्ही घरून त्यात ग्रंथालयाने दिलेल्या खात्याने शिरता, तो तुमच्या वतीने प्रकाशकाकडे जातो आणि प्रकाशकाला दिसतो तो विद्यापीठाचा क्रमांक. काही ठिकाणी हेच काम व्हीपीएनने, म्हणजे विद्यापीठाच्या जाळ्याशी घरून केलेल्या खासगी जोडणीने, केलं जातं.

दुसरी वाट संस्थेच्या ओळखीची. भारतात यासाठी इन्फ्लिबनेट ही संस्था ‘इन्फेड’ नावाची व्यवस्था चालवते. इन्फ्लिबनेट हे विद्यापीठ अनुदान आयोगाचं गांधीनगरमधलं केंद्र. वन नेशन वन सबस्क्रिप्शनची अंमलबजावणीही त्याच्याकडेच आहे. यात प्रकाशकाच्या पानावर ‘संस्थेमार्फत लॉगइन’ अशा अर्थाचं बटण शोधायचं, यादीतून आपलं विद्यापीठ निवडायचं आणि विद्यापीठाने दिलेलं नाव व पासवर्ड टाकायचा. विद्यापीठ प्रकाशकाला फक्त एवढं सांगतं की ही व्यक्ती आमची आहे. तुमचा पासवर्ड प्रकाशकाकडे जात नाही.

अडचण अशी की ही खाती आपोआप मिळत नाहीत. बहुतेक ठिकाणी ग्रंथालयाकडे अर्ज करावा लागतो, विद्यापीठाचा ईमेल असावा लागतो आणि हे प्रवेशाच्या दिवशी कुणी सांगत नाही. माझं ठाम मत आहे की ओळखपत्र देतानाच हे खातं मिळालं पाहिजे. तोवर विद्यार्थ्याने ग्रंथालयात जाऊन एकच प्रश्न विचारावा: घरून वाचण्यासाठी माझं खातं कसं निघेल?

आणि त्याआधीचा प्रश्न, आपली संस्था यादीत आहे का? वन नेशन वन सबस्क्रिप्शन सध्या केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या उच्चशिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. महाराष्ट्रात बहुतेक महाविद्यालयं खासगी शिक्षणसंस्था चालवतात. तेव्हा विद्यापीठ यादीत आहे म्हणून त्याला संलग्न असलेलं आपलं कॉलेजही असेलच, असं धरून चालू नये. महाविद्यालयांसाठी इन्फ्लिबनेटचीच ‘एन-लिस्ट’ ही जुनी सोय आहे. तिची माफक वर्गणी कॉलेजने भरली असेल, तर विद्यार्थ्याला स्वतःचं लॉगइन मिळतं. तिच्यात लाखो ई-पुस्तकं आहेत, पण अनेक कॉलेजांत तिची माहिती फलकापर्यंतही पोहोचत नाही.

एकच पासवर्ड सगळ्यांना देऊन टाकला तर?

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाचा तरी पासवर्ड फिरतो तेव्हा हेतू चांगला असतो, परिणाम मात्र सगळ्या विद्यापीठाला भोगावा लागतो. प्रकाशकांचे संगणक वापरावर लक्ष ठेवतात. एकाच खात्यावरून किंवा एकाच जाळ्यावरून थोड्या वेळात शेकडो लेख उतरवले जाऊ लागले की ते माणूस वाचतोय असं धरत नाहीत आणि दार बंद करतात. जाळ्याच्या क्रमांकावरून ओळख असेल तर एका माणसामुळे सगळ्यांचंच बंद होतं.

याचं जगभर गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. एरन श्वार्ट्झ या तरुणाने एमआयटी या विद्यापीठाच्या जाळ्यावरून जेस्टॉर या संग्रहातले लाखो लेख उतरवले. ऑक्टोबर २०१० मध्ये जेस्टॉरने काही दिवस सबंध एमआयटीची वाट बंद केली. जानेवारी २०११ मध्ये त्याला अटक झाली, मोठा खटला उभा राहिला आणि जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी, त्याने आयुष्य संपवलं. ज्ञान सर्वांना खुलं असावं ही त्याची तळमळ खरी होती आणि त्याच्यावर लावलेली कलमं अपराधाच्या मानाने फार कठोर होती, असं मला वाटतं. पण करारावर सही विद्यापीठाची असते आणि अट मोडली की बाकीच्यांचं वाचन थांबतं, हेही तितकंच खरं.

नेटवर सगळं फुकट मिळतं, मग ६,००० कोटी कशाला?

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि त्यात तथ्यही आहे. संशोधनाला पैसा बहुतेक वेळा सरकारचा, म्हणजे लोकांचा. लेख लिहिणाऱ्या प्राध्यापकाला प्रकाशक मानधन देत नाही. लेख तपासणारे दुसरे प्राध्यापकही जवळजवळ नेहमीच विनामोबदला काम करतात. मग तोच लेख विद्यापीठाने पैसे मोजून परत वाचायचा. हे अन्यायाचं आहे असं जगभरचे ग्रंथपाल गेली कित्येक वर्षं सांगत आहेत.

सरकारी योजनेचा हिशेब माणशी केला तर चित्र जरा वेगळं दिसतं. वर्षाला २,००० कोटी भागिले १ कोटी ८० लाख म्हणजे माणशी साधारण १,१०० रुपये, महिन्याला नव्वद-पंच्याण्णव. सुट्या लेखाच्या किमतीच्या निम्म्याहूनही कमी रकमेत वर्षभर १३,००० नियतकालिकं. एकेका विद्यापीठाने वेगवेगळी घासाघीस करण्यापेक्षा देशाने एकत्र केलेली बरी, हे पटण्यासारखं आहे. शिवाय गडचिरोलीच्या विद्यापीठाला आयआयटीइतकीच नियतकालिकं मिळतात, हा माझ्या दृष्टीने या योजनेचा सर्वांत मोठा गुण आहे.

‘फुकट’ म्हणून मुलं ज्याकडे बोट दाखवतात ते सहसा साय-हब असतं. प्रकाशकांची परवानगी न घेता लेख देणारं हे संकेतस्थळ. त्याविरुद्ध एल्सेव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी या प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ते भारतात बंद करण्याचा आदेश दिला. कायद्याचा भाग बाजूला ठेवला तरी एक व्यावहारिक मुद्दा उरतो, आणि तो फारसा कुणी मांडत नाही. कोणतं नियतकालिक किती उघडलं गेलं याचे अहवाल ग्रंथालयाला दर महिन्याला मिळतात. पुढची वर्गणी चालू ठेवायची की नाही, हे त्यावर ठरतं. तुम्ही आडवाटेने वाचलेला लेख त्या अहवालात शून्य असतो. ज्या विषयाची नियतकालिकं कुणी उघडत नाही असं कागदावर दिसतं, त्यांच्यावर कात्री चालते.

फुकट आणि कायदेशीर असंही पुष्कळ आहे. लेखकाने, त्याच्या संस्थेने किंवा प्रकाशकाने वाचकाला विनाशुल्क खुला केलेला लेख म्हणजे ओपन ॲक्सेस, मुक्त प्रवेशाचा लेख. भौतिकशास्त्र आणि गणितातले संशोधक तर १९९१ पासून ‘अर्काइव्ह’ या संकेतस्थळावर आपले लेख छापून येण्याआधीच ठेवत आले आहेत. ‘अनपेवॉल’ हे छोटं साधन ब्राउझरला जोडलं की एखाद्या लेखाची अशी खुली प्रत कुठे आहे ते दाखवतं. काहीच सापडलं नाही तर लेखकाला सरळ ईमेल करावा. आपला लेख कुणीतरी वाचू पाहतंय याचा बहुतेक संशोधकांना आनंदच होतो.

ओपन ॲक्सेसमध्येही एक काटा आहे. पुष्कळ नियतकालिकं वाचकाकडून घेत नाहीत ते पैसे लेखकाकडून घेतात, आणि ते शुल्क लाखाच्या घरात जाऊ शकतं. वाचायला मिळालं, पण छापायला परवडेना, अशी गत तरुण संशोधकांची होते.

ई-पुस्तकाची ‘प्रत बाहेर गेली आहे’, हे कसं?

फाइलची प्रत निघायला क्षणही लागत नाही, मग दोघांना एकाच वेळी का वाचता येऊ नये? कारण परवानगीच तशी घेतलेली असते: एका वेळी एक वाचक, किंवा तीन. जास्त वाचकांची परवानगी महाग पडते. किती पानं छापायची यालाही मर्यादा असते. क्रमिक पुस्तकं तर पुष्कळ प्रकाशक ग्रंथालयांना डिजिटल रूपात देतच नाहीत, कारण त्यांचा धंदा विद्यार्थ्याला सुटी प्रत विकण्यावर चालतो. वन नेशन वन सबस्क्रिप्शन नियतकालिकांसाठी आहे. तेव्हा परीक्षेची पुस्तकं अजून कपाटातूनच घ्यावी लागतील आणि ‘आता सगळं ऑनलाइन आहे’ म्हणून पुस्तकखरेदीचा निधी कापणाऱ्या विद्यापीठांनी हे लक्षात घ्यायला हवं.

मुदत संपल्यावर काय?

विद्यार्थ्याच्या बाबतीत उत्तर स्पष्ट आहे. पदवी हातात आली की खातं बंद. उतरवून ठेवलेले लेख स्वतःच्या अभ्यासासाठी राहतात, बाकीची वाट मिटते. शेवटच्या सत्रातल्या मुलांनी हे ध्यानात ठेवून आपले संदर्भ विद्यापीठाच्या ईमेलला बांधलेल्या खात्यातून वेळेत काढून घ्यावेत. माजी विद्यार्थ्यांना आणि बाहेरच्या अभ्यासकांना काही विद्यापीठं शुल्क घेऊन ग्रंथालयात बसून वाचू देतात. करारात तशी तरतूद असेल तर तिथल्या संगणकावर डिजिटल नियतकालिकंही वाचता येतात. विचारून पाहावं.

संस्थेच्या बाबतीत मात्र हा प्रश्न खोल आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ मध्ये एल्सेव्हियरशी करार पुढे नेला नाही. नवे लेख बंद झाले, पण जुन्या वर्षांचे बरेचसे लेख वाचकांना मिळत राहिले, कारण त्या वर्षांचा कायमचा हक्क आधीच्या करारांत लिहून घेतलेला होता. त्या बळावर विद्यापीठ दोन वर्षं तग धरू शकलं आणि मार्च २०२१ मध्ये खुल्या लेखांची अट घालून त्याने नवा करार केला. पैसे थांबल्यावर काय उरणार, हे पैसे भरतानाच ठरवावं लागतं. आपल्याकडे वन नेशन वन सबस्क्रिप्शनची सध्याची मुदत २०२७ अखेर संपते. त्यानंतर २०२५, २०२६ आणि २०२७ चे अंक वाचकांच्या हाती राहणार का, हा प्रश्न विद्यापीठांनी आणि अर्थातच पत्रकारांनी आत्ताच विचारायला हवा.

आणि मराठीचं काय?

त्या १३,००० नियतकालिकांत मराठीतून अभ्यास करणाऱ्याच्या कामाचं थोडं असेल, पण संतसाहित्यावरचं, कोकणातल्या बोलींवरचं, सत्यशोधक चळवळीवरचं मराठीत लिहिलेलं संशोधन तिथे मिळणार नाही. ते आपल्याच विद्यापीठांच्या प्रबंधांत आहे. आणि हा ठेवा कुणाकडून मुदतीवर घेतलेला नाही. तो आपला स्वतःचा आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनुसार पीएचडीचा प्रबंध डिजिटल रूपात जमा करणं बंधनकारक झालं आणि ते ‘शोधगंगा’ या इन्फ्लिबनेटच्या संग्रहात जाऊ लागले. आज तिथे पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. खातं नको, पैसे नकोत, कॅम्पस नको. पुणे, मुंबई, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर इथल्या मराठी विभागांचे प्रबंधही त्यात आहेत. ग्रामीण भागातल्या एखाद्या शिक्षिकेला रात्री दहा वाजता मोबाइलवर दलित आत्मकथनांवरचा प्रबंध वाचता येतो, ही लहान गोष्ट नाही.

पण शोधायला गेलं की हा ठेवा हाती लागत नाही. कारणं तांत्रिक आहेत, समजायला सोपी आहेत आणि आपल्या हातातली आहेत.

वर्षानुवर्षं मराठी प्रबंध श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टंकले गेले. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असतात. डोळ्यांना ‘तुकाराम’ दिसतो, पण संगणकाच्या पोटात असते इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग. त्यामुळे त्या फाइलमध्ये ‘तुकाराम’ शोधला तर एकदाही सापडत नाही. युनिकोडने हा गोंधळ संपवला. त्यात प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो. ‘क’चा क्रमांक २३२५ आहे, मग फॉन्ट कोणताही असो. तरीही विद्यापीठाच्या गेटासमोरच्या टायपिंगच्या दुकानांत जुने फॉन्ट अजून चालतात, कारण टंकणाऱ्याचा हात त्यावर बसलेला असतो.

त्यात पुष्कळ प्रबंध छापून, मग स्कॅन करून चढवलेले. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो, त्यात शोधण्यासारखं अक्षर एकही नसतं. फोटोतून अक्षरं ओळखणारी सॉफ्टवेअर आता मराठीतही चालतात, ‘टेसरॅक्ट’ तर मोफत आहे. पण जोडाक्षरं आणि रफार यांत त्यांच्या चुका होतात आणि माणसाने नजर फिरवावीच लागते. जुन्या छापील मजकुराचा आणखी एक पेच आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी बरेच अनुस्वार गेले. आजचा विद्यार्थी ‘काही’ शोधतो, जुन्या पानावर ‘कांहीं’ असतं. शीर्षकांच्या नोंदीही कुठे देवनागरीत, कुठे रोमन लिपीत. म्हणून शोधगंगेत नुसता विषय टाकून निराश होऊ नये. विद्यापीठ, मग विभाग असं उतरत जावं किंवा मार्गदर्शकांच्या नावाने शोधावं. बरेचदा तसं सापडतं.

सर्वांत जास्त झळ पोहोचते ती अंध विद्यार्थ्यांना. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर स्कॅनपुढे गप्प बसतं आणि जुन्या फॉन्टपुढे असंबद्ध इंग्रजी अक्षरं वाचू लागतं. कायदा त्यांच्या बाजूने आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात अपंग वाचकांसाठी सुलभ प्रती करायला परवानगी मिळाली आणि याच विषयावरचा आंतरराष्ट्रीय मराकेश करार २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्य करणारा देश भारत होता. ‘सुगम्य पुस्तकालय’ हा अशा पुस्तकांचा ऑनलाइन संग्रहही २०१६ पासून आहे. तिथे ताज्या मराठी प्रबंधांची भर पडायची तर फाइल मुळात वाचता येण्यासारखी हवी.

यंदा प्रबंध देणाऱ्याने यासाठी फार काही करायचं नाही. टंकणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगायचं की युनिकोडमध्येच हवं. पीडीएफ थेट मूळ फाइलवरून काढायची, छापून स्कॅन करायची नाही. ती उघडून आपल्याच प्रबंधातला एखादा शब्द शोधून पाहायचा. तो सापडला तर फाइल ठीक आहे. नोंद भरताना शीर्षक देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्हींत द्यायचं. आणि विद्यापीठांनी प्रबंध स्वीकारण्याच्या अर्जावर या चार गोष्टींची एक रकाना-यादी छापावी. त्याला ना डॉलर लागतात, ना मंत्रिमंडळाची मंजुरी.